टॉर्चचं मागचं झाकण आट्यांवर जाम झालंय, आत १८६५० सेल अडकलाय. कसं सोडवावं?

पाऊलवाट

नमस्कार मंडळी. एका १८६५० सेलवर, म्हणजे चार्ज होणाऱ्या जाडजूड लिथियम सेलवर, चालणारी अ‍ॅल्युमिनियमची टॉर्च आहे. काळं अ‍ॅनोडायझिंग (धातूवर चढवलेला ऑक्साइडचा थर), बटण मागच्या झाकणावर. पावसाळाभर ट्रेकला वापरली आणि नंतर सेलसकट कपाटात राहिली. आता मागचं झाकण जेमतेम पाव फेरा फिरतं, कर्र असा आवाज येतो आणि तिथंच अडतं. उलट दिशेलाही तेवढंच जातं. सांध्यातून काळपट करडं ग्रीस बाहेर आलंय.

आतापर्यंत केलेले उपाय: रबरी हातमोजे घालून जोर लावला, सांध्यावर डब्ल्यूडी-४० मारून रात्रभर उभी ठेवली, काही फरक नाही. पक्कड लावली तर रंगावर दात उमटले म्हणून थांबलो.

टॉर्च अजून लागते. सेल ३४०० एमएएचचा, प्रोटेक्शन सर्किटवाला. विचारायचंय ते असं: गरम पाण्यात बुडवावी की फ्रीझरमध्ये ठेवावी? दोन्ही सल्ले मिळालेत. डब्ल्यूडी-४० का चाललं नाही? आणि सुटल्यावर आट्यांना काय लावावं? कोणी व्हॅसलीन म्हणतं, कोणी गाडीचं ग्रीस, कोणी खोबरेल.

लेथ_आणि_कानस

सगळ्यात आधी: उघडायच्या दिशेला आणखी जोर लावू नका. अडलेल्या जागेवरून पुढे रेटलं की आटे मरतात, मग झाकण करवतीनेच काढावं लागतं.

झाकण कशामुळे अडलंय हे हाताला कळतं, म्हणून पाव फेऱ्यातच नीट अंदाज घ्या. फिरवून सोडल्यावर झाकण थोडं आपोआप मागे येत असेल तर तो रबराचा ताण, म्हणजे ओ-रिंग (सांध्यात पाणी अडवणारी गोल रबरी कडी) फुगलीय किंवा कोरडी पडून चिकटलीय. खरखर लागून फिरत असेल तर आट्यांत माती किंवा वाळू आहे. मुळीच हलत नसेल, दगडासारखं बसलं असेल, तर गंज, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा क्षार. आणि थोडं फिरून कर्र करत घट्ट होत जात असेल तर धातूला धातू चावतोय. तुमचं वर्णन या शेवटच्या प्रकारात बसतं, सोबत थोडी माती असणारच.

हे चावणं अ‍ॅल्युमिनियममध्ये फार होतं. हवेतल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा अगदी पातळ पापुद्रा असतो. दाबाखाली घासलं की तो फाटतो, खालचा उघडा मऊ धातू समोरच्या उघड्या धातूला चिकटतो, आणि पुढच्या फिरवण्यात तो चिकटलेला ठिपका ओढला जाऊन गोळा होतो. गोळा मोठा होत जातो तसं घट्ट होत जातं. सुटलेले ऑक्साइडचे कण तर पॉलिश पेपरवर असतो त्याच जातीचे, कठीण. तुमच्या सांध्यातून आलेलं काळपट ग्रीस म्हणजे जुनं ग्रीस अधिक हा चुरा. त्या लगद्यात आटे फिरवणं म्हणजे आट्यांना पॉलिश पेपर लावण्यासारखंच.

पक्कड का नको तेही सांगतो. नळीची भिंत साधारण दीड-दोन मिलिमीटरची. पक्कड दोनच बाजूंनी दाबते, नळी किंचित लंबगोल होते आणि नेमके आटे दोन ठिकाणी आणखी चावतात. जितकं घट्ट धरावं तितकं घट्ट बसतं. आत लिथियम सेल असताना नळी चेपणं धोक्याचं, हे वेगळं सांगायला नको.

पकड सगळीकडून सारखी हवी. मोटारीचा ऑइल फिल्टर उघडायचा पट्ट्याचा पाना मिळाला तर उत्तम. नसेल तर सायकलची जुनी ट्यूब कापून २५–३० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या करा, टॉर्च आणि पट्टी दोन्ही कोरड्या पुसून घ्या, आणि पट्टी ताणून गुंडाळा. गुंडाळायची दिशा अशी की फिरवताना पट्टी आवळली जाईल. उलट गुंडाळली तर ती उलगडत जाते आणि हात घसरतो. झाकणावर पट्टी अगदी बटणाच्या टोकाकडे, जिथे धातू जाड आहे तिथे. नळीवर सांध्यापासून दोन बोटं लांब.

ओरिंगवाला

डब्ल्यूडी-४० का चाललं नाही याचं उत्तर टॉर्चच्या रचनेतच आहे. बाहेरून बघितलं तर आधी सांधा, मग ओ-रिंग, मग आटे, असा क्रम असतो. ओ-रिंग तिथे बसवलीय ती बाहेरचं पाणी आट्यांपर्यंत जाऊ नये म्हणून. तुम्ही मारलेलं तेल तिच्यापाशी अडलं. रिंग चांगली आहे याचीच ती खूण.

तेव्हा तेल आतून घालायला हवं, आणि त्यासाठी पुढचं हेड उघडायला हवं. पुष्कळ टॉर्चमध्ये नळी दोन्ही टोकांना आट्यांची असते. हेडचा सांधा आणि काचेची रिंग यांत गल्लत करू नका. काचेची रिंग अगदी पुढे असते, ती उघडून फक्त काच आणि रिफ्लेक्टर निघतो. हेडचा सांधा पंख्यासारख्या खाचांच्या मागे, नळीला लागून असतो.

करायचं असं: नळीला हातच लावायचा नाही. एका हातात रबराची पट्टी लावून हेड, दुसऱ्या हातात झाकण, आणि सावकाश वाढता जोर. हिसका नाही. दोन सांध्यांपैकी जो सैल आहे तो सुटेल. कुठलाही सुटला तरी सेल हाती येतो. बहुतेक वेळा हेड सुटतं, कारण ते रोज उघडलं जात नाही म्हणून त्याचे आटे झिजलेले नसतात.

काही कंपन्या हेडला थ्रेडलॉकर, म्हणजे आटे पक्के धरून ठेवणारा गोंद, लावतात. निळ्या जातीचं असेल तर हाताच्या जोराने कट्ट होऊन सुटतं. लाल जातीचं असेल तर त्याला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आणि सेल आत असताना ते करायचंच नाही. तिथे थांबा आणि इथे सांगा.

एक गोष्ट विसरू नका. हेड काढण्याआधी बटण बंद करा. मागचं बटण चालू असलं की सेलचा ऋण ध्रुव स्प्रिंगमधून नळीला जोडलेला असतो, म्हणजे सगळी नळी ऋण. हेड काढून सेल बाहेर ओतताना त्याचं धन टोक नळीच्या उघड्या काठाला टेकलं की सरळ शॉर्ट. १८६५० सेल शॉर्ट झाला की हातात धरवत नाही इतका तापतो. नळी आडवी धरा, सेल वरच्या टोकाने बोटांत पकडा आणि सरळ रेषेत ओढा.

सह्यवारी

गरम-थंड बाबत, कारण याच सल्ल्याने टॉर्चचे आणि सेलचे दोन्हीचे नुकसान होतं.

झाकणही अ‍ॅल्युमिनियमचं, नळीही अ‍ॅल्युमिनियमची. पूर्ण टॉर्च गरम पाण्यात टाकली तर दोन्ही सारख्या प्रमाणात फुगतात, आट्यांमधली फट जवळजवळ आहे तेवढीच राहते. फ्रीझरचं तेच, दोन्ही सारखे आकसतात. वर फ्रीझरमधून बाहेर काढल्यावर आपल्या दमट हवेत अंगावर पाणी धरतं, आणि हेड अर्धवट सैल असेल तर ते आत जातं. काचेच्या बरणीवरचं पत्र्याचं झाकण वेगळं, आणि हे वेगळं.

फायदा होतो तो फक्त झाकण गरम आणि नळी गार असताना. हिशोब करून बघा: अ‍ॅल्युमिनियम दर अंशाला मीटरमागे २३ मायक्रॉन वाढतं. झाकणाचा व्यास २४ मिलिमीटर धरला आणि ते नळीपेक्षा ३० अंशांनी गरम केलं, तर व्यास साधारण ०.०१७ मिलिमीटर वाढतो. केसाच्या जाडीच्या पाव हिश्शाएवढा. यात चावलेला धातू सुटत नाही, पण वाळलेलं ग्रीस पातळ होतं, क्षाराचा थर तडकतो आणि तेल सरकायला वाट मिळते. एवढीच अपेक्षा ठेवा.

सेल आत असेपर्यंत मर्यादा ठरलेली: हाताला सोसेल इतकं गरम, त्याच्या वर नाही. लिथियम आयन सेलला ६० अंशांच्या वर नेऊ नये. हाताला सोसणारं पाणी ४५ अंशांच्या आसपास असतं. त्यात फडकं भिजवून, पिळून, फक्त झाकणाभोवती अर्धा मिनिट. हेअर ड्रायर, मेणबत्ती, गॅसची शेगडी, यातलं काहीही सेल बाहेर येईपर्यंत नको.

गॅसची ज्योत तर सेल काढल्यावरही नको. या नळ्या बहुधा ६०६१ टी६ जातीच्या मिश्रधातूच्या असतात. तो टी६ म्हणजे उष्णता देऊन आणलेला कठीणपणा, तो दोनशे अंशांच्या वर उतरायला लागतो. काळा थर त्याहून आधी बिघडतो. ऑक्साइड धातूपेक्षा कितीतरी कमी फुगतं, त्यामुळे उन्हात तिरपं धरल्यावर दिसतात तसे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे पडतात आणि तिथून पुढे गंज शिरतो.

पाऊलवाट

हेड सुटलं! दोन्ही बाजूंना ट्यूबच्या पट्ट्या लावून पिळलं, कट्ट आवाज आला. आट्यांवर वाळलेला निळा पापुद्रा होता. सेल बाहेर काढला, मीटरवर ३.६१ व्होल्ट. वरचं आवरण शाबूत, कुठे चेपलेलं नाही.

आता मागचं झाकण आणि नळी हातात आहे. तेल किती आणि कुठलं?

लेथ_आणि_कानस

छान. ३.६१ व्होल्ट म्हणजे सेल ठीक आहे. (अडीच व्होल्टच्या खाली गेलेला असता तर चार्ज न करता बाद करायला सांगितलं असतं.) आवरण फाटलेलं नाही ना ते धन टोकाच्या कडेला परत एकदा बघा, तिथे धन आणि ऋण यांच्यात फक्त तेवढंच प्लास्टिक असतं.

आता झाकण खाली, उघडं तोंड वर, अशी नळी कपात उभी करा. तेल डब्ल्यूडी-४० चालेल, शिलाई मशीनचं पातळ तेलही चालेल. डब्ल्यूडी-४० नळीत फवारू नका, आधी बाटलीच्या टोपणात काढा आणि २ मिलिलीटरच्या सिरिंजने घ्या. अर्धा ते एक मिलिलीटर, नळीच्या आतल्या भिंतीवरून ओघळेल असं सोडा. नळीचा काठ आणि झाकण यांच्यामधून ते आट्यांत उतरतं. जास्त घालून फायदा नाही, जादा तेल बटणात जाऊन बसतं. अ‍ॅसिटोन मिसळलेली घरगुती मिश्रणं लोक सुचवतील, ती नकोत, ओ-रिंग आणि बटणाचं प्लास्टिक दोन्ही खराब होतं.

एक तास थांबा. मग उकळत्या पाण्यात पिळलेलं फडकं झाकणाला गुंडाळा, मिनिटभर धरा, काढा, थंड होऊ द्या. हे तीन वेळा. गरम झाल्यावर फटीतली हवा बाहेर जाते, थंड होताना तिच्या जागी तेल ओढलं जातं. तेलाने ओलं असताना हेअर ड्रायर वापरू नका, डब्ल्यूडी-४०मधला द्रावक पेट घेतो.

मग झाकणाच्या कडेवर लाकडी मुठीने, लाटण्याने म्हणा, गोल फिरवत हलके टोले. टॉर्च लाकडावर टेकलेली हवी. ठोकून सुटत नाही, पण कंपनाने चुरा हलतो आणि तेल पुढे सरकतं.

आता फिरवणं. आधी बंद करायच्या दिशेला, अडेपर्यंत नाही, फक्त एक अष्टमांश फेरा. मग उघडायच्या दिशेला, कर्र व्हायला लागलं की लगेच थांबून परत मागे. असं पुढे-मागे, दर वेळी केसभर पुढे. पुढे जाताना गोळा झालेला चुरा मागे येताना खोबणीत पसरतो. दर दहा-बारा हेलकाव्यांनी दोन थेंब तेल. अर्धा तास लागला तरी घाई करू नका. झाकण गरम लागायला लागलं तर थांबा, घासून तापलं की पुन्हा चावतं.

शेवटचे दोन फेरे सगळ्यात धोक्याचे. आटा एक-दीडच उरलेला असतो आणि हात आपोआप तिरका ओढतो. तिथे झाकण सरळ रेषेत धरून, ओढ न देता, नुसतं फिरवा.

डोंगरकपार

मधेच विचारतो, धाग्याशी जवळचं आहे म्हणून. घरी दोन एए सेलची अ‍ॅल्युमिनियमची टॉर्च आहे, साधे अल्कलाइन सेल. झाकण हलत नाही आणि सांध्यावर पांढरी भुकटी आलीय. हीच रीत चालेल का?

ओरिंगवाला

नाही, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तिथे तेल घालून काही होत नाही.

अल्कलाइन सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं. ते गळलं की हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने त्याचं पोटॅशियम कार्बोनेट होतं, तीच पांढरी भुकटी. आतलं न सुकलेलं हायड्रॉक्साइड अ‍ॅल्युमिनियमला खातं आणि त्यात हायड्रोजन सुटतो. म्हणून हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा पाहिजेच, आणि उघडताना तोंड झाकणाच्या समोर नको.

अल्कलीला उतारा सौम्य आम्लाचा. साधं व्हिनेगर, नाहीतर गाळलेला लिंबाचा रस. सांध्यावर थेंब-थेंब सोडा, फसफसायचं थांबेपर्यंत. दहा मिनिटांनी पुसा, पुन्हा सोडा. आत शिरायला वेळ लागतो, कारण भुकटी घट्ट बसलेली असते. दोन-चार तासांत हलायला हवं. सुटल्यावर साध्या पाण्याने धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या. आम्ल तसंच ठेवलं तर तेही धातू खातं.

सेल स्वस्तातले झिंक-कार्बन जातीचे असतील तर उलटं: त्यांचा द्राव आम्लधर्मी, तिथे खाण्याच्या सोड्याचं पाणी. कुठले आहेत ते सेलच्या अंगावर लिहिलेलं असतं. अल्कलाइनवर तसं स्पष्ट छापतात.

सेल फुगून नळीतच आवळले असतील तर दोन्ही टोकं उघडून बोटाएवढ्या जाडीच्या लाकडी काठीने मागून ढकला. ड्रिल मारू नका. आणि आतला पृष्ठभाग खड्डे पडून खरबरीत झाला असेल, आटे दाताने कुरतडल्यासारखे दिसत असतील, तर ती टॉर्च सोडून द्या. आटे सांधा धरत नाहीत आणि आत पाणी जात राहतं.

पाऊलवाट

निघालं. साधारण चाळीस मिनिटं लागली. झाकणाच्या आट्यांत काळी पेस्ट आणि त्यात बारीक तांबूस रेती होती. नळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आट्याची एक बाजू चकचकीत दिसते, तिथे बोटाला छोटी गाठ लागते. आट्यांवर काळा थर नाही, उघडं अ‍ॅल्युमिनियम आहे. ओ-रिंग एका जागी चपटी झालीय.

लेथ_आणि_कानस

ती गाठ म्हणजेच चावलेला धातू. ती तशीच ठेवून ग्रीस लावलं तर महिन्याभरात पुन्हा हीच वेळ येईल, तेव्हा आधी ती काढा.

पहिल्यांदा धुणं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. ब्रश आट्याच्या तळापर्यंत पोचत नाही, म्हणून जाड सुती दोरा घ्या, खोबणीत एक वेढा घालून दोन्ही टोकं आळीपाळीने ओढत नळी फिरवा. दोरा पहिल्यांदा कोळशासारखा काळा निघतो. जागा बदलत राहा, कोरडा पांढरा निघेपर्यंत. झाकणाच्या आतल्या आट्यांना टूथपिकला कापूस गुंडाळून. बटणात तेल गेलं असेल तर आतली दोन भोकांची रिंग सर्क्लिपच्या (बारीक टोकांच्या) पक्कडीने काढून बटणही अल्कोहोलने धुवा, नाहीतर काही दिवसांनी प्रकाश लुकलुकायला लागतो.

गाठीसाठी सुईएवढी बारीक त्रिकोणी कानस. फक्त गाठीवर, आट्याच्या उताराला धरून, एकाच दिशेला, तीन-चार हात. शेजारच्या चांगल्या आट्याला लागू देऊ नका. बोट फिरवून अडकणं थांबलं की बास. चकचकीत जागा पूर्ण घालवायची नसते. पॉलिश पेपर शक्यतो टाळा, त्याचे कण मऊ अ‍ॅल्युमिनियममध्ये रुतून बसतात आणि तेच पुढे घासतात.

त्यानंतर कोरडं झाकण हलक्या हाताने लावून बघा. कुठे अडलं तर खूण करा, परत कानस. दोन बोटांत धरून शेवटपर्यंत जायला हवं.

यात एक बारकावा. काही टॉर्चचे आटेसुद्धा अ‍ॅनोडाइज केलेले असतात. तो थर वीज वाहून नेत नाही, म्हणून झाकण पाव फेरा सैल केलं की टॉर्च लागत नाही आणि पिशवीत चुकून पेटत नाही. अशा आट्यांना कानस लावली की ही सोय जाते. तुमचे आटे उघडे आहेत, तेव्हा ती अडचण नाही. पण मग पिशवीत टाकताना झाकण सैल करून भागणार नाही, सेल उलटा घालून ठेवा किंवा बाहेर काढा. सेल उलटा घालण्याआधी टॉर्चला उलट जोडणीपासून संरक्षण आहे का, हे माहितीपत्रकात बघा. नसेल तर बाहेर काढणं बरं.

सह्यवारी

ग्रीसच्या प्रश्नाचं उत्तर ओ-रिंग कशाची आहे यावर ठरतं.

काळी रिंग बहुधा नायट्राइल रबराची. तिला सिलिकॉन ग्रीस सगळ्यात चांगलं: पाण्याने धुतलं जात नाही, थंडीत घट्ट होत नाही, उन्हात वितळत नाही. पण रिंगच सिलिकॉनची असेल (अंधारात चमकणाऱ्या हिरवट रिंगा बहुधा तशा असतात) तर सिलिकॉन ग्रीस तिच्यात मुरून तिला फुगवतं. वर सांगितलेलं, सोडल्यावर मागे येणारं झाकण, त्याचं हे नेहमीचं कारण.

गाडीचं लिथियम ग्रीस नायट्राइलला त्रास देत नाही, आट्यांनाही चालतं. फक्त जाडसर असतं आणि माती धरतं. व्हॅसलीन अडीअडचणीला ठीक, पण उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिली की पातळ होऊन वाहून जातं.

खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठतं. डिसेंबरात हरिश्चंद्रगडावर किंवा कळसूबाईवर पहाटे सेल बदलायची वेळ आली तर झाकण मेणाने चिकटवल्यासारखं वाटेल. शेंगदाण्याचं, सूर्यफुलाचं तेल त्याहून वाईट, ते हवेने चिकट होतं, जुन्या कढईच्या कडेला जमतं तसं.

तांब्याची पूड असलेलं अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायची पेस्ट) आणि ग्रॅफाइट हे मोटारीच्या दुकानात हौसेने देतात. अ‍ॅल्युमिनियमच्या टॉर्चला दोन्ही वर्ज्य. ओलावा आणि मीठ मिळालं की तांबं किंवा ग्रॅफाइट यांच्या शेजारचं अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने गंजतं. वीज जाईल म्हणून लावतात, पण वीज जाते ती मुख्यतः नळीच्या सपाट काठातून.

प्रमाण: आट्यांना सगळ्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढं. बोटाने पसरा, झाकण दोनदा लावून काढा, खोबणीतून वर आलेलं पुसून टाका. ओ-रिंगला वेगळं, फक्त चमक येईल इतकं. नळीचा काठ आणि झाकणाच्या आत तो जिथे टेकतो ती गोल पट्टी मात्र अल्कोहोलने पुसून कोरडी ठेवा. तिथे ग्रीस राहिलं तर टॉर्च मंद लागते किंवा थरथरते, आणि मग लोक सेलला दोष देतात.

ओरिंगवाला

चपटी झालेली ओ-रिंग बदला. चपट्या जागेतून पाणी जातं, आणि ती भरून काढायला माणूस झाकण जास्त आवळतो. आवळलं की आटे चावतात. तुमच्याकडे सुरुवात बहुधा इथूनच झाली असावी.

माप घेताना रिंग काढून मोजू नका, ती ताणलेली असते. ज्या खाचेत ती बसते त्या खाचेचा तळाचा व्यास व्हर्नियरने घ्या, आणि रिंगची जाडी चपटी नसलेल्या जागी. आतला व्यास खाचेपेक्षा थोडा कमी हवा, म्हणजे ती अंगाला बसते. ऑइल सील विकणाऱ्या दुकानात नायट्राइल म्हणून मागा आणि पाच-सहा घेऊन ठेवा, काही रुपयांचा मामला आहे. बसवताना आट्यांवरून सरळ ओढली तर कापली जाते. आट्यांवर प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा गुंडाळून त्यावरून सरकवा.

झाकण लावताना आधी उलटं फिरवा. आटा आट्यावरून घसरून टक् असा हलका धक्का जाणवतो. तिथून सुलटं फिरवलं की तिरकं चढत नाही. हाताने टेकलं की थांबा. आवळून पाणी अडत नाही, ते काम रिंगचं.

डोंगरकपार

व्हिनेगरने तीन तासांत सुटली. आटे खाल्लेले नाहीत, पण स्प्रिंग हिरवी पडलीय. तुमच्या सांगण्याप्रमाणे धुऊन वाळत ठेवलीय.

कोकणात नेहमी जाणं असतं, तेव्हा खाऱ्या हवेसाठी वेगळं काही करावं का?

सह्यवारी

हिरवी स्प्रिंग टूथब्रशने घासा. वरचा मुलामा गेला असेल तर बदलून घ्या, उघडं पितळ किंवा तांबं अ‍ॅल्युमिनियमजवळ नको.

कोकणासाठी: जंजिरा, सिंधुदुर्ग अशा पाण्यातल्या किल्ल्यांवरून आलात की टॉर्च बंद असतानाच नळाखाली धरा, उघडून नाही. सांध्यातलं मीठ आधी जायला हवं, नाहीतर झाकण फिरवताना तेच आट्यांत ओढलं जातं. पुसा, वाळू द्या, मग उघडा. किनाऱ्यावरची वाळू असेल तर सांध्यावरून टूथब्रश फिरवल्याशिवाय झाकणाला हात लावू नका.

घाटावर पावसाळ्यात दर महिन्याला एकदा दोऱ्याने आटे पुसून ताजं ग्रीस. ग्रीस करडं दिसलं की बदलायची वेळ झाली, काळं होईपर्यंत थांबायचं नाही. आणि ऑक्टोबरात ट्रेक थांबले की सेल बाहेर. लिथियम सेल पूर्ण भरून ठेवू नका, ३.६ ते ३.८ व्होल्टवर ठेवलेला जास्त टिकतो. पाऊलवाट यांचा आत्ता तेवढाच आहे, तो तसाच डबीत ठेवला तरी चालेल.

पाऊलवाट

कानस लावून गाठ काढली, आता झाकण दोन बोटांनी शेवटपर्यंत जातंय. खाचेचा तळ १९.६ मिलिमीटर, रिंगची जाडी १ मिलिमीटर भरली. १९ बाय १ मागू का?

ओरिंगवाला

हो, १९ बाय १ नायट्राइल. अर्धा-पाऊण मिलिमीटरचा ताण ठीक आहे. बसवल्यावर खाचेतून किंचित वर दिसायला हवी. काठाच्या पातळीत गेली तर पाणी अडणार नाही, मग १.२ जाडीची बघा. पण ती लावताना झाकण जड जायला लागलं तर लगेच परत १ वर या.